वालाच्या पाण्याचं मेयोनीज

वाणगावच्या बाजारात ओल्या वालाच्या शेंगांचे ढीग दिसायला लागले, की दोन-चार दिवसांत दीपाचा फोन येतोच. दीपा म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. डहाणूला समुद्राच्या बाजूला तिची सँडविचची गाडी आहे. फोनवर ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग काकांची, म्हणजे माझ्या यजमानांची, आणि मग हळूच मुद्द्यावर येते. "मावशी, यंदा करणार ना गं? लोक विचारतायत." थंडीत सुट्टीच्या दिवशी सुरतेकडून, मुंबईकडून माणसं समुद्रावर येतात, त्यांतली निम्मी अंडं न खाणारी. त्यांच्यासाठी दीपाला माझ्या बरण्या हव्या असतात. मी वाल शिजवून उरलेल्या पाण्याचं मेयोनीज करते, अंड्याशिवाय. मी तिला हो म्हणते, फोन ठेवते, आणि मग उगाचच ओटा पुसत बसते.

ओले वाल बाजारात आले की घरातले जुने संपवायचे असतात, ही आमच्याकडची रीत. राख चोळून डब्यात ठेवलेले सुके वाल मी काढते, धुते, भिजत घालते. राखेचं ते करडं पाणी मोरीतून वाहायला लागलं की माझ्यासाठी थंडी सुरू झाली. बाकीच्यांची वेगळी सुरू होते. तलासरीच्या अंगाला हायवेवर उकडहंडीच्या टपऱ्या लागतात. मडक्यात वाल, कंद, बटाटे भरून, तोंडाशी रानपाला कोंबून मडकं उलटं जाळात ठेवतात. गाड्या थांबतात, माणसं बोटं भाजून घेत खातात, फोटो काढतात. आमच्या गंजाड गावात भात झोडून झालेलं असतं, माणसांच्या अंगावर जरा बरे कपडे येतात, लग्नं ठरतात. एकूण सगळ्यांच्या आवडीचा हा ऋतू आहे. मलाही आवडायचा. आता आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको.

गंजाडला आमच्या घरामागे कोंबड्यांची शेड होती. अजून आहे, फक्त कोंबड्या नाहीत. मी पाड्यावरच्या शाळेत बाई, आणि माझे यजमान पोल्ट्रीवाले. त्यांचं नाव मी इथेही घेणार नाही. सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायची हौसही नाही. तर हे पोल्ट्रीवाले. मोठा कारखाना वगैरे नव्हता. पिंजरे नव्हते, खाली भाताचं तूस पसरलेलं, त्यावर कोंबड्या मोकळ्या फिरायच्या. सकाळी हे दारात उभे राहून "ती-ती-ती" करत, आणि सगळी शेड ह्यांच्या पायाशी गोळा होई. मी माहेरून आले तेव्हा मला त्या आवाजाची लाज वाटायची. शाळेतल्या मुलांनी ती हाक उचलली होती. मी फळ्याकडे वळले की मागून कुणीतरी हळूच "ती-ती" करायचं.

ह्यांची जीभ हा आमच्या घरातला एक स्वतंत्र विषय होता. उकडलेलं अंडं नुसतं खाऊन हे सांगत, की ते कालचं आहे की चार दिवसांचं. एकदा जेवताना म्हणाले, "खाद्यात सुकट जास्त पडलीय, वास येतोय." मी चिडले, कारण मला काडीचा वास येत नव्हता. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काम करणारी सुनीता स्वतःहून म्हणाली, "बाय, काल सुकटीचा कुटा दोनदा पडला माझ्याकडून." माझ्या स्वयंपाकाचं तर विचारूच नका. वरणात हिंग आधी पडला की नंतर, भाताला पाणी विहिरीचं की नळाचं, सगळ्यावर ह्यांचं मत असे. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं मी त्यावर रडले, पुढची दहा भांडले, आणि त्यानंतर मला त्याची गोडी लागली. ताट वाढून मी समोर बसायची आणि पहिल्या घासाला ह्यांच्या भुवयांकडे बघायची. शाळेत मी आयुष्यभर लाल पेनाने इतरांचे पेपर तपासले. घरी माझा पेपर तपासणारा माणूस होता.

आता मेयोनीजचं सांगते, कारण गंजाडसारख्या गावात हा पदार्थ आला कुठून, असं कुणालाही वाटेल. माझे सासरे तरुणपणी चिखल्याच्या एका वाडीत स्वयंपाकी होते. चिकूची वाडी, मालक इराणी. त्या घरात ते जे जे शिकले त्यातलं बरंचसं त्यांना घरी करता आलं नाही, कारण त्याला लागणारं सामान आमच्या घरात कधीच नसायचं. मेयोनीज मात्र करता आलं. त्याला लागतं काय, तर अंड्याचा पिवळा बलक, तेल, मोहरी, मीठ आणि आंबट. आणि अंडी तर घरचीच. तडा गेलेली अंडी विकली जात नाहीत, ती पोल्ट्रीवाल्याने खायची असतात. आंबटाला सासरे ताडीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, वापरत. ताडी आठ-पंधरा दिवस मडक्यात ठेवली की तिचा शिरका होतो, तो बाटलीत भरून ठेवायचा. थंडीत ताडी उतरते, थंडीतच कोंबड्या जोमात असतात, म्हणून आमच्या घरी हा थंडीचा पदार्थ. बाकी जग तो बारा महिने खातं, हे मला फार उशिरा कळलं.

ते करायला दोन माणसं लागत. एकाने मांडीत पातेलं धरून बलक घोटायचा, दुसऱ्याने तेल सोडायचं. आधी थेंब थेंब, मग अगदी दोऱ्याएवढी धार. जरा जास्त पडलं की सगळं फाटतं. सासरे गेल्यावर हे घोटायचे आणि मी तेल सोडायची. मागच्या पडवीत, उन्हाला पाठ करून. निदान पाऊण तास लागायचा, आणि तेवढा वेळ दोघांनाही उठता यायचं नाही. हे सारखे ओरडत, "अगं, हात की पाण्याचा पाट? सावकाश." मी म्हणे, "तुम्ही घोटा, मला शिकवू नका." वर्षभरात आम्ही दोघं इतका वेळ एका जागी कधीच बसत नसू. मग ते पिवळसर, घट्ट, पावाला लावून खायचं. पहिलं बोट ह्यांचं. बोट चाटून हे डोळे मिटत, आणि सासऱ्यांचा दाखला देत, की बाबांच्या हातचं याहून जरा आंबट असायचं. दरवर्षी तेच. एकदा मी मुद्दाम शिरका दुप्पट घातला, तर म्हणाले, "चिडलीस वाटतं."

चार वर्षांपूर्वीच्या थंडीत कोंबड्यांची साथ आली. आमच्याकडे नाही. लांब कुणाच्या तरी शेडमध्ये कोंबड्या माना टाकायला लागल्या, आणि मग नकाशावर एक गोल काढला गेला, त्यातल्या सगळ्या कोंबड्या मारायचा सरकारी हुकूम निघाला, आणि आमची शेड त्या गोलाच्या आत आली. आमची एकही कोंबडी आजारी नव्हती. ज्या सकाळी त्यांना मारलं त्या सकाळीही त्यांनी अंडी घातली होती. ती अंडीही पुरली.

माणसं आली ती पांढरे पोशाख घालून. वाईट माणसं नव्हती. त्यांनाही ते काम नको होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं, जेवढे चेहरे दिसत होते तेवढ्यांवर. ह्यांनी एकच मागितलं, सकाळचं खाद्य घालू द्या. ते त्यांनी घालू दिलं. पण पकडायला गेल्यावर कोंबड्या त्या पांढऱ्या पोशाखांना बुजल्या. वाशांवर चढल्या, भांड्यांमागे दडल्या, एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. अर्धा तास तो गोंधळ चालला. मग त्यांच्यातला एक पोरसवदा साहेब ह्यांच्याजवळ आला आणि अगदी आदराने म्हणाला, "काका, तुम्ही बोलावलंत तर लवकर होईल. त्यांनाही त्रास कमी."

ह्यांनी हाक मारली. मी पडवीत उभी होते, मला ऐकू आली. रोजचीच हाक, रोजच्याच आवाजात. आणि त्या सगळ्या आल्या.

त्या दिवसापासून ह्यांनी कुणालाही हाक मारलेली नाही. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. मी स्वयंपाकघरात असले आणि ह्यांना चष्मा सापडत नसला, तर हे चालत येतात, दारात उभे राहतात आणि माझं लक्ष जाईपर्यंत थांबतात. रस्त्याने ओळखीचं कुणी जात असेल तर हात वर करतात. सुरुवातीला मला वाटलं, होईल हळूहळू बरं. माणसं काय काय सोसून उठतात, मग हे तर धडधाकट. पुढे वाटायचं बंद झालं. घरात अंडं येणार नाही, एवढं मात्र ह्यांनी स्पष्ट सांगितलं, तेही एकदाच. शेडमध्ये तूस तसंच पडून आहे. हे रोज सकाळी जाऊन पाण्याची भांडी धुऊन पालथी घालतात. धुतलेलीच भांडी, पुन्हा धुतात. मी एकदा विचारलं, "अहो, कशाला?" तर म्हणाले, "धूळ बसते."

आणि जेवणाबद्दल बोलणं संपलं. काय वाढू, तर काहीही. कसं झालंय, तर चांगलं. ताटात पडेल ते संपवायचं आणि उठायचं. अंगावरचं मांस उतरलं, सदरे खांद्यावरून लोंबायला लागले. डहाणूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. म्हणाले, मनाला लागलंय, गोळ्या देतो, आवडीचं खायला घाला. आवडीचं. मी घरी येऊन दुधी आणि शेपूची भाजी केली, जी ह्यांना जन्मात आवडली नव्हती. ती पण चांगली झाली म्हणाले.

साथीनंतरच्या थंडीत दीपाने गाडी टाकली होती. एकदा तिच्याकडे गेले तेव्हा ती सँडविचला पाकिटातलं पांढरं मेयोनीज लावत होती. एका गुजराती बाईंनी विचारलं, "बेन, आमां ईंडुं तो नथी ने?" अंडं नाही हे दाखवायला दीपाने पाकिटावरची हिरवी खूण पुढे केली. मी चमचाभर चाखून बघितलं. गोडसर, गिळगिळीत, पण नातं ओळखू येत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं. अंड्याशिवाय जर हे होत असेल, तर मी घरी करीन. सासऱ्यांच्या चवीपर्यंत नेईन. हे चाखतील, आणि नावं ठेवतील. मला कौतुक नको होतं. ह्यांनी तोंड वाकडं करून "हे काय केलंस" एवढं म्हणावं, त्यासाठी मी ती खटपट मांडली. माझ्या नवऱ्याची जीभ परत आली असती तर तिच्यामागोमाग नवराही आला असता, असा माझा हिशेब होता.

दीपाने मोबाइलवर दाखवलं, की काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून घट्ट केलं की ते बलकासारखं काम करतं. मी म्हटलं, चणे कशाला, घरात वाल आहेत. इथे माझी पहिली चूक झाली, आणि ती फक्त आमच्या बाजूची बाईच करू शकते. आमचे वाल कडवे. ते भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, तेव्हा कुठे भाजी होते, हे मला जन्मापासून ठाऊक. पण मला वाल नको होते, पाणी हवं होतं. मग सोला कशाला? मी ते सालांसकट शिजवले. त्या पाण्याचं जे झालं ते दिसायला सुरेख होतं आणि जिभेवर ठेवल्याबरोबर कानशिलं तापत होती. सुनीता आली होती, तिला चाखायला दिलं. ती बाहेर जाऊन थुंकून आली आणि म्हणाली, "बाय, हे जखमेवर लावायचं काय?" त्या दिवशी मी पुष्कळ दिवसांनी हसले. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे पडवीत बसले होते, आमचं बोलणं ऐकू जात होतं, आणि ह्यांनी मान वळवली नव्हती.

पुढे मी सोलून शिजवायला लागले. पहिलं पाणी टाकून द्यायचं, दुसरं ठेवायचं, हे स्वतःच शोधून काढलं. काजू वाटून बघितले, ते खिरीच्या वाटेने गेले. नारळाचं दूध घातलं, सोलकढी झाली. शेंगदाण्याचं तेल नको, त्याचा वास पुढे येतो. मिक्सर तापला की फाटतं, म्हणून भांडं आधी माठाखाली गार करून घ्यायचं. एका वहीत मी हे सगळं लिहीत होते, शाळेत प्रयोगवही लिहून घेत असू तसं. साहित्य, कृती, निरीक्षण. अनुमानाची जागा मी रिकामी ठेवायची.

उरला शिरका. बाजारातली बाटली आणली असती तर काम झालं असतं. पण सासऱ्यांची चव म्हणजे ताडीचा शिरका, आणि मी हट्टाला पेटले होते. सुनीताला म्हटलं, आंबट ताडी आण. तिने आणली. "चार दिसांची हाय बाय, पिवाची नाय आता, आंबट झाली." मला ती पुरेशी आंबट वाटली. मी स्वतः कधी ताडी पीत नाही. बाईंनी पिऊ नये अशी गावाची समजूत आहे आणि ती मी पाळत आले. त्यामुळे चार दिवसांची ताडी आंबट असली तरी अजून जिवंत असते, हे मला कळणार कसं? बरणी घट्ट झाकून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर झाकण उडालेलं, फडताळभर पांढरा फेस, लोणच्याच्या बरण्या माखलेल्या, आणि सगळ्या घराला ताडीच्या गुत्त्याचा वास.

हे फडकं घेऊन फडताळ पुसत होते. मी आयती हातात सापडले होते. शाळेच्या बाई, आणि घरात हा वास. पूर्वी ह्यांनी यावर महिनाभर गावजेवण घातलं असतं. पाव्हण्यांना सांगितलं असतं, दिवाळीला माझ्या भावाला सांगितलं असतं. मी दारात उभी राहून वाट बघितली. हे फडकं पिळून आले, म्हणाले, "मुंग्या येतील म्हणून पुसलं." आणि शेडकडे निघून गेले. मी तिथेच पाटावर बसून रडले. दुःख बरणीचं नव्हतं, हे लिहायची गरज नाही, पण लिहिते.

तरी मी सोडलं नाही. हट्ट हा शिक्षकी पेशातला दोष आहे. त्याच थंडीच्या शेवटाला ते जमलं. शिरका पुरता मुरू दिला, पाणी दोन बोटं आटवलं, मोहरी ताजी फेटली. पावाला लावून मी ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "अंडं नाही. वालाचं पाणी आहे." ह्यांनी ताट बोटभर मागे सारलं. मग म्हणाले, "नको. पोट भरलंय." मी सगळी बरणी दीपाला नेऊन दिली. तिच्या गाडीवर ती एका दिवसात संपली. लोकांनी बोटं चाटली. मी घरी येऊन वही कपाटात टाकली.

त्यानंतर दोन थंड्या अशाच गेल्या. मी करते, दीपा घेऊन जाते. हे स्वयंपाकघराच्या बाजूला फिरकत नाहीत. मीही विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर, एखाद्या गोष्टीची आशा सुटली की काम सोपं होतं. हात आपोआप चालतात. वाल सोलताना रेडिओ लावते. आपण हे कुणासाठी सुरू केलं होतं, हे दिवसातून एकदाच आठवतं, मग दोन दिवसांतून एकदा. अशानेच माणसं म्हातारी होत असावीत.

पण या वर्षी, परवा, मी वालाचं पाणी गार करून मिक्सर लावला. झाकणाचं मधलं बूच काढलं आणि तेलाची वाटी उचलली, तर दारात हे उभे. मला वाटलं, चष्मा हवा असेल. मी मिक्सर बंद केला. हे म्हणाले, "तेल मी सोडू का?"

मिक्सरला दुसरं माणूस लागत नाही. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने धार, काम होतं. तीन थंड्या मी तसंच करत आले आहे. तरी मी वाटी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि धार सोडली, दोऱ्याएवढी. हात जराही हलला नाही. मी बटण दाबून धरलं होतं आणि त्या धारेकडे बघत होते. मिक्सरचा आवाज इतका होता की बोलायची सोय नव्हती, ते बरंच झालं. पाणी पांढरं झालं, मग दाट झालं, मग पात्याभोवती जड व्हायला लागलं. हे वाकून बघत होते. शिरका घालायची वेळ ह्यांनीच खुणेने सांगितली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात मला कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

झाल्यावर मी एका वाटीत काढून ह्यांच्यापुढे केलं, चमचाही दिला नाही. ह्यांनी बोट बुडवलं. तोंडात घातलं. आणि डोळे मिटले. मी ओट्याची कड धरून उभी होते. सदतीस वर्षं मी या माणसाच्या भुवया वाचत आले आहे. भुवया हलल्या नाहीत, पण तोंडावर एक मऊपणा आला. हे म्हणाले, "छान झालंय." मी म्हटलं, "खरं सांगा." हे म्हणाले, "खरंच. बाबांच्या हातचंच. फरक कळत नाही."

मग वाटी घेऊन हे पडवीत गेले. मी स्वयंपाकघरातच राहिले. नावं ठेवली नव्हती, पण सासऱ्यांचं नाव काढलं होतं. स्वतःहून आत आले होते. मी मनात काय काय ठरवून टाकलं, सांगायलाही लाज वाटते. उद्या वरणात हिंग मुद्दाम जास्त घालू. पुढच्या आठवड्यात चिखल्याला जाऊ, ती वाडी बघून येऊ. शेडचं तूस काढू, निदान तेवढं तरी. सुनीताला बोलावून घेऊ. असं मनात चाललेलं असताना मी बरणी धुतली, पुसली, आणि भांड्यातलं मेयोनीज तिच्यात भरायला लागले. चमच्याला लागलेलं मी चाटलं.

काहीच लागलं नाही. मी पुन्हा चाखलं. नुसतं तेल आणि आंबट. मी ओट्याकडे बघितलं. काढून ठेवलेली मिठाची वाटी भरलेली होती. तिच्या शेजारी फेटलेल्या मोहरीची वाटीही भरलेली होती. हे दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्या घालायच्या राहून गेल्या होत्या.

मी पडवीच्या दारापर्यंत गेले. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. वाटी बाजूला ठेवलेली होती, बोटाने निपटून स्वच्छ केलेली. शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं होतं. ह्यांना खरंच काही कळलं नसेल, की कळूनही माझ्यासाठी छान म्हणाले असतील, मला सांगता येणार नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझा नवरा त्यात नव्हता. माझ्या नवऱ्याने ती वाटी माझ्या हातात परत दिली असती आणि पाड्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने विचारलं असतं, बाई, मीठ शाळेत विसरलात का.

मी ह्यांना विचारलं नाही. आत येऊन बरणी पुन्हा भांड्यात रिकामी केली, मीठ घातलं, मोहरी घातली, फिरवलं. दीपाला फोन लावला, म्हटलं, तयार आहे, उद्या घेऊन जा. ती खूश झाली. मग तिने विचारलं, "काकांनी चाखलं का गं कधी?"

"हो," मी म्हटलं. "त्यांना आवडलं."